ड्रुइडला पायाखाली जमीन लागते

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत टेबलावर बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांवर सविस्तर लेख छापलात, त्याबद्दल आभार. मराठी वृत्तपत्रात या छंदाला इतकी जागा क्वचितच मिळते. मात्र ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मधल्या क्लासेसची, म्हणजे पात्रांच्या प्रकारांची, ओळख करून देताना लेखकाने ड्रुइडची एका वाक्यात बोळवण केली आहे: रानात राहणारा, जनावराचं रूप घेणारा आणि जखमा भरून काढणारा जादूगार. यातलं काही चूक नाही. पण एवढ्याच माहितीवर कुणी नवखा ड्रुइड घेऊन टेबलावर बसला, तर तिसऱ्या-चौथ्या बैठकीला वैतागून विझर्ड मागेल, हे टेबल चालवणारे आम्ही छातीठोकपणे सांगू शकतो. निसर्गाच्या जादूचं वेगळेपण कळायचं तर स्पेल, म्हणजे टाकलेली जादू, कुठे पडते आणि किती वेळ टिकते, हे बघावं लागतं.

खालचे आकडे २०१४ च्या नियमांचे आहेत, कारण ती पुस्तकं अजूनही अनेक टेबलांवर चालतात. २०२४ मध्ये सुधारित पुस्तक आलं. त्यातला फरक मोठा असेल तिथे तसं सांगितलं आहे.

आधी जादू येते कुठून ते थोडक्यात. विझर्डची जादू वहीत असते. सुरुवातीला सहा स्पेल, पुढे पात्राच्या दर लेव्हलला (अनुभवाच्या पायरीला) दोन. दुसऱ्याची स्पेल उतरवून घ्यायची तर तिच्या दर लेव्हलमागे ५० सोन्याची नाणी आणि २ तास मोजायचे. सॉर्सररची जादू रक्तात असते, वॉरलॉकची करारात, क्लेरिकची देवाकडून येते. ड्रुइडला वही नाही, करार नाही. रोज सकाळी आख्ख्या यादीतून हव्या त्या स्पेल निवडायच्या. किती, तर विझडम (शहाणपण) या गुणाचा बोनस अधिक लेव्हल. पण हे क्लेरिकलाही असंच आहे, म्हणून केवळ यावर ड्रुइड वेगळा ठरत नाही. दोघांच्या याद्या शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. क्लेरिकच्या बऱ्याच स्पेल कुणावर तरी पडतात. ‘ब्लेस’ तीन साथीदारांवर, ‘स्पिरिट गार्डियन्स’ स्वतःभोवती. विझर्डचा ‘फायरबॉल’ स्वयंपाकघरात टाका नाहीतर मैदानात, २० फूट त्रिज्या आणि सहा-बाजूंचे ८ फासे, बात खतम. ड्रुइडच्या बिनीच्या स्पेल मात्र जमिनीवर पडतात आणि तिथे ठाण मांडून बसतात. शत्रूला मारायचं काम शत्रूच्याच पायांवर सोपवलेलं असतं.

‘स्पाइक ग्रोथ’चंच बघा. दुसऱ्या लेव्हलची स्पेल, म्हणजे ड्रुइडला कॅरॅक्टरच्या तिसऱ्या लेव्हलला मिळते. पल्ला १५० फूट, त्रिज्या २० फूट, मुदत १० मिनिटांपर्यंत. जमिनीतून काटे उगवतात. त्या भागात शिरणाऱ्याला किंवा तिथून हलणाऱ्याला दर ५ फुटांमागे चार-बाजूंचे २ फासे, म्हणजे सरासरी ५ नुकसान. सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, नाही. शिवाय चालणं अर्ध्यावर येतं. ३० फूट चालणारा प्राणी काट्यांत एका पाळीत १५ फूटच जातो आणि तेवढ्यात सरासरी १५ हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) गमावतो.

आता एक खिंड घ्या. (खिंड अडवणं म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगायला नको.) रुंदी २० फूट, म्हणजे टेबलावरच्या नकाशात चार चौकोन. समोरून सहा गॉब्लिन येतायत, प्रत्येकाचे हिट पॉइंट ७. ते वळणापलीकडे असतानाच ड्रुइडने खिंडीच्या मध्यावर स्पाइक ग्रोथ टाकली तर ४० फूट लांबीचा पट्टा या कड्यापासून त्या कड्यापर्यंत व्यापला जातो. स्पेल पडताना ज्यांनी पाहिली नाही त्यांना काटे सहजी ओळखू येत नाहीत. आत शिरण्याआधी ओळखायचे तर पर्सेप्शनचा (निरखण्याचा) फासा ड्रुइडच्या सेव्ह डीसीइतका, म्हणजे त्याची जादू चुकवायला लागणाऱ्या आकड्याइतका, यावा लागतो. पुढचे गॉब्लिन दुसऱ्या चौकोनात पोचेपर्यंत सरासरीने आडवे होतात. स्पेल वळण ओलांडल्यावर त्यांच्या डोळ्यांदेखत टाकली, तर ते काट्यांपाशी थांबतील आणि धनुष्यं काढतील. त्यांच्या आखूड धनुष्याचा सहज पल्ला ८० फूट आहे. म्हणजे स्पेल तीच, खिंड तीच, पण एका पाळीचा उशीर झाला आणि डाव उलटला.

इथे नवखे ड्रुइड आणखी दोन चुका करतात. पहिली म्हणजे आपला फायटर धावत पुढे गेल्यावर स्पेल टाकणं. काटे आपला-परका बघत नाहीत. मग फायटर मध्येच अडकतो आणि टेबलावर खटका उडतो. स्पेल टाकण्याआधी मोठ्याने सांगावं, ‘या चार रांगा माझ्या, कुणी जाऊ नका.’ दुसरी चूक म्हणजे काटे पसरून झाल्यावर खिंडीच्या तोंडाशी छाती काढून उभं राहणं. या स्पेलला कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे ध्यान मोडलं की स्पेल संपते. मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्ह करावा लागतो. आकडा १० किंवा नुकसानाच्या निम्मा, जो जास्त असेल तो. कॉन्स्टिट्यूशन १४ असेल तर बोनस २, म्हणजे वीस-बाजूंच्या फाशावर ८ किंवा वर हवं. ही शक्यता ६५ टक्के. दोन बाण लागले तर दोन्ही सेव्ह साधण्याची शक्यता ४२ टक्क्यांवर घसरते. ड्रुइडला इंटेलिजन्स आणि विझडमच्या सेव्हमध्ये प्रावीण्य असतं, कॉन्स्टिट्यूशनमध्ये नसतं, म्हणून लेव्हल वाढली तरी हा आकडा आपोआप सुधारत नाही. चौथ्या लेव्हलला ‘वॉर कास्टर’ हे फीट (खास कौशल्य) घेतलं तर दोन फाशांपैकी चांगला धरायला मिळतो आणि एका बाणामागची शक्यता ८८ टक्क्यांच्या आसपास जाते. त्याआधीचा उपाय फुकट आहे: स्पेल टाका आणि धोंड्याआड बसा. काटे टिकायला ड्रुइडला ते दिसलेच पाहिजेत असं काही नाही.

धोंड्याआडून कंटाळा आला तर ‘थॉर्न व्हिप’ आहे. ही बिनस्लॉटची, म्हणजे दिवसाच्या मोजक्या जादूतून काही न खर्चणारी, स्पेल, पल्ला ३० फूट. लागली की लार्ज किंवा त्याहून लहान प्राण्याला १० फूट आपल्याकडे ओढते. काट्यांत अडकलेला शत्रू १० फूट काट्यांतून ओढला की दोन चौकोनांचे सरासरी १० आणि चाबकाचे साडेतीन. स्वतःहून चाललेलं आणि ओढत नेलेलं, स्पाइक ग्रोथला दोन्ही सारखंच. साथीला वॉरलॉक असेल आणि त्याच्याकडे ‘रिपेलिंग ब्लास्ट’ असेल, तर एकाने ढकलायचं आणि दुसऱ्याने ओढायचं. हे दोघं एकदा जुळले की बाकीच्यांना फारसं काम उरत नाही, म्हणून डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, प्रत्येक चकमक खिंडीत ठेवू नये, एवढीच विनंती.

कॉन्सन्ट्रेशन एका वेळी एकच धरता येतं, हे सगळ्यांना पाठ असतं आणि सकाळी स्पेल निवडताना नेमकं विसरलं जातं. ड्रुइडची यादी कॉन्सन्ट्रेशनच्या स्पेलनी खच्चून भरलेली आहे: एन्टँगल, फेअरी फायर, मूनबीम, पास विदाउट ट्रेस, हीट मेटल, कॉल लाइटनिंग, कॉन्जर अॅनिमल्स. तिसऱ्या लेव्हलला विझडमचा बोनस ३ असेल तर सहा स्पेल तयार ठेवता येतात. त्यात सहाही कॉन्सन्ट्रेशनच्या घेतल्या तर एक चालू असताना उरलेल्या पाच शोभेच्या. आम्ही नव्या खेळाडूला निम्म्या-निम्म्या घ्यायला सांगतो: एन्टँगल, स्पाइक ग्रोथ आणि पास विदाउट ट्रेस एकीकडे, गुडबेरी, हीलिंग वर्ड आणि लेसर रिस्टोरेशन दुसरीकडे. आणि टेबलावर ड्रुइडच्या समोर एक रंगीत सोंगटी ठेवायची. कॉन्सन्ट्रेशनची स्पेल टाकली की सोंगटी तिच्या कार्डावर. दुसरी टाकायची तर सोंगटी उचलावी लागते, आणि उचलताना पहिली स्पेल गेली हे डोळ्यांना दिसतं. निम्मे वाद इथेच मिटतात.

‘सर्कल ऑफ द लँड’ ही ड्रुइडची उपशाखा घेणाऱ्याला यात सवलत मिळते. त्याने आठांपैकी एक भूप्रदेश निवडायचा: बर्फाळ, किनारा, वाळवंट, जंगल, गवताळ, डोंगर, दलदल किंवा अंडरडार्क नावाचं भूगर्भातलं जग. तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या लेव्हलला त्या प्रदेशाच्या दोन-दोन स्पेल कायम तयार मिळतात, त्या मोजणीत धरत नाहीत. डोंगर किंवा बर्फाळ प्रदेश घेतला तर स्पाइक ग्रोथ अशी आयती येते. किनारा घेतला तर ‘मिस्टी स्टेप’, जी ड्रुइडच्या मूळ यादीत नाहीच. जंगलवाल्याला तिसऱ्या लेव्हलला ‘बार्कस्किन’ आणि ‘स्पायडर क्लाइंब’ मिळतात. ड्रुइड म्हटला की जंगल, असं धरून चालणाऱ्यांची इथे फसगत होते. २०१४ ची बार्कस्किन कॉन्सन्ट्रेशन खाते आणि आर्मर क्लास (मार चुकवण्याचा आकडा) १६ च्या खाली जाऊ देत नाही, इतकंच करते. हाइड आर्मर, लाकडी ढाल आणि डेक्स्टेरिटी १४ असेल तर तो १६ आधीच झालेला असतो. २०२४ च्या पुस्तकात ही स्पेल दुरुस्त झाली, आकडा १७ झाला आणि कॉन्सन्ट्रेशन गेलं. त्या पुस्तकात लँडवाला दर लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) प्रदेश बदलूही शकतो, फक्त प्रदेश आठाचे चार झालेत.

आता तळघराचा प्रश्न. खेळाच्या नावातच डंजन आहे आणि निसर्गाची जादू तिथे काय कामाची, असं लेखात सुचवलं आहे. हे अर्धवट खरं आहे, आणि कोणता अर्धा ते माहीत असलं पाहिजे. एन्टँगलच्या वेली कुठल्याही जमिनीतून उगवतात, फरशीतूनसुद्धा. स्पाइक ग्रोथचंही तेच. मूनबीमला खरा चंद्र लागत नाही. याउलट ‘प्लँट ग्रोथ’ असलेल्याच झाडोऱ्याला वाढवते. शेवाळही नसलेल्या खोलीत ती वाया गेलीच म्हणून समजा. ‘स्पीक विथ प्लँट्स’ला बोलायला झाड हवं, ‘ट्री स्ट्राइड’ला शिरायला. आणि ‘कॉल लाइटनिंग’ला ड्रुइडच्या डोक्यावर १०० फुटांवर ढग मावला पाहिजे. ढगाची त्रिज्या ६० फूट. छत ३० फुटांवर असेल तर स्पेल फसते. पाचव्या लेव्हलच्या ड्रुइडकडे तिसऱ्या लेव्हलचे दोनच स्लॉट असतात, त्यातला एक असा धुरात जाणं फार जिव्हारी लागतं.

बाहेर मात्र कॉल लाइटनिंगला तोड नाही. १० मिनिटांपर्यंत दर पाळीला एक वीज, दहा-बाजूंचे ३ फासे, आणि आधीच वादळ चालू असेल तर एक फासा जास्त. यासाठीच ‘ड्रुइडक्राफ्ट’ नावाची क्षुल्लक वाटणारी स्पेल घ्यावी. तिला स्लॉट लागत नाही आणि ती जिथे आहात तिथलं पुढच्या २४ तासांचं हवामान दाखवते. रात्री मुक्कामाला ती टाका, ढग दिसला तर सकाळी कॉल लाइटनिंग तयार ठेवा, लख्ख ऊन दिसलं तर ती जागा दुसऱ्या स्पेलला द्या. हा दोन मिनिटांचा हिशेब न करणारे ड्रुइड पुष्कळ दिसतात. अर्थात त्यासाठी डीएमला उद्याचं हवामान ठाऊक असायला हवं, त्याकडे येतोच.

प्राण्याचं रूप घेण्याबद्दल, म्हणजे ‘वाइल्ड शेप’बद्दल, लेखात बरंच कौतुक आहे, पण नियम गाळले आहेत आणि टेबलावर सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. २०१४ च्या नियमांत दुसऱ्या लेव्हलला हे मिळतं. एका शॉर्ट किंवा लाँग रेस्टपर्यंत दोनदा, आणि टिकतं लेव्हलच्या निम्मे तास. आधी पाहिलेलाच प्राणी होता येतो. दुसऱ्या लेव्हलला चॅलेंज रेटिंग (प्राण्याच्या ताकदीचा आकडा) पाव, आणि उडणारा किंवा पोहण्याचा वेग असलेला प्राणी चालत नाही. पोहणारा चौथ्या लेव्हलला, उडणारा आठव्या. दुसऱ्या लेव्हलला घुबड होऊन टेहळणी करणारे ड्रुइड आम्ही सर्रास पाहतो. तो नियमभंग आहे. मांजर किंवा साधा कोळी व्हा, काम तेच होतं. पाव रेटिंगमध्ये पँथर बसतो. हिट पॉइंट १३, वेग ५० फूट, चढण्याचा ४०. ज्याने बिबट्या पाहिलाय अशा गावचं कॅरॅक्टर असेल तर डीएमने हरकत घेऊ नये.

रूपात असताना स्पेल टाकता येत नाही, पण आधी टाकलेलीवर कॉन्सन्ट्रेशन ठेवता येतं. म्हणून क्रम महत्त्वाचा. साध्या ड्रुइडने पहिल्या पाळीत जमिनीवरची स्पेल टाकावी, दुसऱ्या पाळीत रूप घ्यावं. ‘सर्कल ऑफ द मून’वाल्याला रूप घ्यायला बोनस अॅक्शन (पाळीतली जोडीची छोटी कृती) पुरते, त्यामुळे एकाच पाळीत दोन्ही. उलट क्रम केला, म्हणजे आधी अस्वल झालात, तर स्पेल गेली. अस्वलाचे हिट पॉइंट संपले की माणूस परत येतो आणि उरलेला मार त्याच्यावर पडतो. अस्वलाचे ६ शिल्लक असताना १५ चा फटका बसला तर ९ माणसाला. हे ९ विसरण्याकडे खेळाडूंचा आणि १५ च्या १५ मोजण्याकडे डीएमचा कल असतो.

मूनवाल्याला दुसऱ्याच लेव्हलला चॅलेंज रेटिंग १ मिळतं, म्हणजे ३४ हिट पॉइंटचं तपकिरी अस्वल, तेही दोनदा. एकूण ६८ वरकड हिट पॉइंट, आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या लेव्हलच्या फायटरकडे जेमतेम २०. फायटर तोंड वाकडं करून बसला तर त्याचं चुकत नाही. पुढे सहाव्या लेव्हलपासून रेटिंग लेव्हलच्या एक-तृतीयांश होतं आणि तो जोर ओसरतो. २०२४ च्या पुस्तकाने हा असमतोल मुळापासून काढला. आता रूप घेणं सगळ्यांनाच बोनस अॅक्शन आहे, पण हिट पॉइंट स्वतःचेच राहतात. वर लेव्हलइतके तात्पुरते मिळतात, मूनवाल्याला तिप्पट. पाचव्या लेव्हलला अनुक्रमे ५ आणि १५. शिवाय ठरावीक रूपंच माहीत असतात, सुरुवातीला चार. ही दोन पुस्तकं एकाच टेबलावर मिसळली की कुणाचाच पायपोस कुणाच्या पायात राहत नाही. पहिल्या बैठकीतच एक ठरवा.

रूप कुठलंही असो, त्याचं कार्ड आधी बनवा. आर्मर क्लास, हिट पॉइंट, वेग, हल्ले, कॉन्स्टिट्यूशन, एवढ्या पाच ओळी पुरतात. पाळी आल्यावर पुस्तक चाळणारा ड्रुइड टेबलाचा जीव काढतो. २०१४ ची कॉन्जर अॅनिमल्स तर याहून अवघड. तिच्यात पाव रेटिंगचे आठ प्राणी बोलावता येतात. आठ लांडगे आठ वेगवेगळ्या पाळ्यांत हलवू नका. नियमाप्रमाणेच सगळ्यांची पाळी एकत्र येते. आठ फासे एकदम टाका, लागलेले मोजा, पुढे चला.

जखमा भरण्याचं म्हणाल तर क्लेरिकशी ड्रुइडची बरोबरी होत नाही, पण ‘गुडबेरी’ स्वस्त आणि मस्त आहे. पहिल्या लेव्हलच्या एका स्लॉटमध्ये १० बेऱ्या, प्रत्येकीने १ हिट पॉइंट आणि दिवसभराचं पोट भरतं. त्याच स्लॉटमध्ये ‘क्युअर वूंड्स’ने, बोनस ३ असताना, सरासरी साडेसात भरतात. बेऱ्या २४ तास टिकतात. त्यामुळे झोपायच्या आधी उरलेले स्लॉट बेऱ्यांत घालवावेत. सकाळी स्लॉट परत मिळतात आणि बेऱ्याही हाताशी असतात. मात्र बेरी खायला खाणाऱ्याची अॅक्शन लागते, म्हणून बेशुद्ध साथीदाराच्या तोंडात ती कोंबता येते का, हे डीएमला आधीच विचारून घ्या. आणि उपासमारीवर बेतलेली मोहीम चालवणाऱ्या डीएमने हेही ठरवावं की स्पेलला लागणारी मिसलटोची काडी प्रत्येक वेळी खर्च होते. पुस्तकात तसं नाही, पण नाहीतर दुष्काळाची सगळी कथा पहिल्या सकाळी संपते.

मिसलटो म्हणजे आपल्या आंब्यावरच्या बांडगुळाचा युरोपातला चुलतभाऊ. तो या खेळात आला प्लिनी या रोमन लेखकामुळे. पांढऱ्या वस्त्रांतला ड्रुइड चंद्राच्या सहाव्या दिवशी ओकवर चढून सोन्याच्या विळ्याने ते कापतो, असं त्याने लिहून ठेवलंय. सीझर सांगतो की गॉलमधले काही ड्रुइड २० वर्षं शिकत आणि आपली विद्या लिहून ठेवत नसत. खेळात हा क्लास खेळाडूंना १९७६ मध्ये मिळाला. १९७८ च्या पुस्तकात तर वरच्या लेव्हलच्या जागाच मोजक्या होत्या: बाराव्या लेव्हलला नऊ, तेराव्याला तीन, चौदाव्याला एक. जागा रिकामी नसेल तर बसलेल्याला द्वंद्वात हरवून ती घ्यायची. पूर्ण तटस्थ राहण्याचीही सक्ती होती. हे सगळं गेलं, धातूच्या चिलखताचं वावडं मात्र २०१४ पर्यंत टिकलं. ते वावडं शपथेसारखं आहे. धातू घातल्याने जादू बंद पडते असं पुस्तक कुठेही म्हणत नाही, त्यामुळे दंड काय हे टेबलाने ठरवायचं. २०२४ मध्ये तीही अट काढली. गंमत अशी की धातूविरुद्धचं जालीम हत्यार याच धातूत्याग्याकडे आहे. हीट मेटल चिलखतावर टाकली की दर पाळीला आठ-बाजूंचे २ फासे, सेव्ह नाही, मुदत १ मिनिट. जड चिलखत उतरवायला ५ मिनिटं लागतात.

लेखात ड्रुइडला पर्यावरण कार्यकर्ता म्हटलंय. तसा खेळलात तर लाकूडतोड्याला प्रवचन देणारं एक रटाळ पात्र तयार होतं. प्लँट ग्रोथचा दुसरा उपयोग वाचून बघा. ८ तास लावून ती टाकली तर अर्ध्या मैलाच्या त्रिज्येत, म्हणजे सुमारे ५०० एकरांत, वर्षभर पीक दुप्पट येतं. असा माणूस ज्या खोऱ्यात असेल तिथले शेतकरी, सावकार आणि राजा त्याच्याशी कसे वागतील? कुणाच्या ५०० एकरांना पहिला नंबर? एवढ्यावर आख्खी मोहीम उभी राहते, एकही तलवार न उपसता.

राहिला डीएम. ड्रुइड फिका पडतो तेव्हा बहुतेक वेळा दोष समोरच्या कोऱ्या कागदाचा असतो. ‘३० बाय ४० ची खोली, चार ऑर्क’ एवढ्यावर फायटर जगतो, ड्रुइड नाही. प्रत्येक जागेसाठी पायाखाली काय, डोक्यावर किती फुटांवर काय, पाणी कुठे आणि वारा कुठून, एवढं आधीच लिहून ठेवा. हवामानाला तर फासेच आहेत. डीएमच्या पुस्तकात वीस-बाजूंचा फासा वाऱ्यासाठी एकदा आणि पावसासाठी एकदा टाकायला सांगितलाय: १२ पर्यंत काही नाही, १३ ते १७ हलका, १८ पासून जोरदार. जोरदार वाऱ्यात उघड्या ज्योती विझतात आणि बाण-भाल्यांचे नेम चुकतात; जोरदार पावसात दिसणं अवघड होतं. घरचं जग सह्याद्रीवर बेतलं असेल तर जुलैत हा तक्ता बाजूला ठेवा. घाटमाथ्यावर १२ पर्यंत कोरडं हे कुणालाच पटणार नाही. तिथे १ ते ४ उघडीप आणि बाकी पाऊस ठेवा. एप्रिलच्या माळावर उलट करा, आणि वाळलेल्या गवतात ‘प्रोड्यूस फ्लेम’ फेकली तर वणवा कुठवर जाईल ते आधी ठरवून ठेवा, कारण कुणीतरी ती फेकणारच.

२०२३ मध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ हा कॉम्प्युटर गेम आल्यापासून अनेक तरुण ड्रुइडला आधी पडद्यावर भेटतात. तिथे हिशेब यंत्र करतं, हे छानच. पण ओढ्याचं पाणी या चरातून वळवता येईल का, असं तिथे विचारता येत नाही, आणि टेबलावर आल्यावर ही मंडळी विचारायचं विसरून जातात. ‘पाथफाइंडर’च्या २०१९ च्या आवृत्तीने जादूच्या चार परंपरा पाडल्या आणि निसर्गाची परंपरा जडद्रव्य व जीवन या दोन तत्त्वांवर उभी केली. मांडणी नेटकी आहे. ज्यांना पक्की तत्त्वं आवडतात त्यांनी ती जरूर बघावी.

शेवटी एक दुरुस्ती. लेखात रेंजर आणि ड्रुइड ‘जवळजवळ एकच’ म्हटले आहेत. २०१४ च्या नियमांत रेंजरला स्पेल दुसऱ्या लेव्हलपासून मिळतात, पाचव्याला त्याला चारच माहीत असतात आणि त्या रोज बदलता येत नाहीत. लेव्हल वाढताना एखादी बदलता येते, इतकंच. स्पाइक ग्रोथ त्याच्याही यादीत आहे, पण ती हाती यायला पाचवी लेव्हल उजाडते, आणि कॉन्जर अॅनिमल्सला नववी. लेखमालेच्या पुढच्या भागात रेंजर येणार असेल तर एवढं जरूर तपासून घ्यावं.

आपले,
टेबल चालवणारे काही वाचक, पुणे